कनवटीचा कापूस

"ह्याला हाक काय मारता?"

इंदूमावशीचा पहिला प्रश्न हाच असायचा. अस्वल कुणाचं, कुठं फाटलंय, कधीपर्यंत हवंय, ही सगळी चौकशी नंतर. आधी नाव. नाव सांगितल्याशिवाय ती अस्वलाला हात लावत नसे. "बिननावाचं पोट मी फाडत न्हाई," असं सरळ तोंडावर सांगायची. मग समोर कुणी साहेब असो, नाहीतर सोसायटीतली मॅडम असो. मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्याबद्दल काहीतरी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण लिहायला बसलं की अंगावर काटा येतो आणि मी उठून चहा टाकते.

माझं सूसला स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. सूस आता नावापुरतं गाव उरलंय. जिकडे बघावं तिकडे टॉवर, आणि प्रत्येक टॉवरमध्ये वाढदिवस. टेडी बेअर माझ्याकडे भरपूर खपतात. पण नवा टेडी घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं, असं माझ्या लक्षात यायला लागलं. "मुलगा याला हात लावत नाही हो. त्याला तो जुनाच हवाय. त्याचा कान जोडून मिळेल का?" असे कान तुटलेले, पोट फुटलेले, एका डोळ्याचे टेडी मी पिशवीत भरायचे आणि स्कूटरवरून मावशीकडे पोचवायचे. नवे विकायचे आणि जुने दुरुस्तीला न्यायचे, असा माझा दोन दगडांवर पाय.

ताम्हिणीच्या अलीकडे रस्ता सोडून एक ओढा ओलांडला की वाडी लागते. तिथलं पहिलंच घर मावशीचं. भिंतीला निळा रंग, त्यावर बुद्धाची तसबीर, खाली चूल. घरात पंखा नव्हता. तिथल्या वाऱ्यात पंखा लावणं म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवण्यातला प्रकार झाला असता. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. पूर्वी पिरंगुटच्या एका कारखान्यात ती मऊ खेळण्यांना डोळे बसवायची. दिवसभर नुसते डोळे. कारखाना बंद पडला आणि मावशी सुई घेऊन घरी आली.

"तितं पोत्यानं डोळं लावलं," ती सांगायची, "पन एकानंबी माज्याकडं बघितलं न्हाई. नवी अस्वलं आंधळीच असत्यात. ही जुनी बघत्यात."

मी हसले होते. हसू फार वेळ टिकलं नाही, कारण ती पहिलीच भेट होती आणि माझं लक्ष तेवढ्यात वर गेलं. चुलीच्या वर एक आडवा बांबू होता आणि त्याला धाग्यांनी अस्वलं टांगलेली होती. पावसाळ्यात तिकडे वाळवणाला दुसरा उपाय नसतो. भात, मिरच्या, कपडे, सगळं चुलीवरच्या धगीला लागतं, तशी ही अस्वलंही. पण प्रत्येकाच्या डोळ्यांवर चिंधी बांधलेली होती.

"एकाचं पोट फाडताना दुसऱ्यानं बघू ने," मावशी म्हणाली. "आपल्याला बघवतंय का?"

मी तिला अहो-जाहो करत होते. "मला तुमी म्हनलीस तर ही समदी हसत्याल," असं तिनं बजावलं, तेव्हापासून मी तिला 'अगं मावशी' म्हणायला लागले.

त्याच दिवशी आम्ही चहा पीत होतो. कोपऱ्यात स्टीलचा डबा होता. त्या डब्यातून कुणीतरी बारीक, ओढलेल्या आवाजात "आय लव्ह यू" म्हणालं. मी कप खाली ठेवला. मावशीनं मान न वळवता दटावलं, "गप ऱ्हा. पाव्हणी आलीया." आवाज थांबला.

पोट दाबलं की बोलणाऱ्या अस्वलांच्या आत एक डबी असते. बिघडलेल्या डब्या काढून ती त्या डब्यात ठेवायची. मी म्हटलं, "सेल राहिला असेल." तिनं उठून डबा माझ्यापुढे उघडून धरला. एकाही डबीत सेल नव्हता.

"मग बोलतं कसं?"

"सवय," मावशी म्हणाली आणि चहात बटर बुडवलं.

यावरून कुणाला वाटेल की बाई अंगात येणाऱ्यातली होती. छे. वाडीत कुणी भूतखेत म्हणालं की ती त्याची बिनपाण्यानं करायची. देवऋषी तर तिच्या दारावरून जायलाही कचरायचा. "मी भूत मानत न्हाई. कापूस मानते," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. अस्वलाच्या पोटात हल्ली कापूस नसतो, फायबर असतं, हे मी तिला अनेकदा सांगितलं. ती त्याला कापूसच म्हणायची.

आणि त्या कापसाची तिची एक रीत होती. जुन्या अस्वलाच्या पोटातला सगळा कुजका, गोळे झालेला कापूस ती काढून टाकायची, पण चिमूटभर मागे ठेवायची. ती चिमूट नव्या कापसाच्या मधोमध घालून मग पोट शिवायची. याला तिचं नाव होतं विरजण. "नुसत्या दुधाचं दही हुतं का? मग नुसत्या कापसाचं तुमचं अस्वल कसं हुईल?" पावसाळ्यात ही चिमूट वाळायची नाही, आणि चुलीवर ठेवावी तर तिला धुराचा वास लागायचा. म्हणून मावशी ती फडक्यात बांधून साडीच्या कनवटीला खोचायची आणि अंगाच्या उबेवर वाळवायची. आधी आलेल्या अस्वलाचं विरजण उजव्या कनवटीला, मागून आलेल्याचं डाव्या. एका वेळी दोनच पोटं उघडायची, तिसरं नाही. पाठ टेकतानाही त्या पुरचुंड्या तिच्या कमरेला असायच्या.

तिची चेष्टा करायची संधी मी सोडत नसे, आणि तीही माझी. एकदा बाणेरच्या कंपनीतला एक सहा फुटी गृहस्थ बायकोला घेऊन माझ्याबरोबर आला. अस्वल त्याचं स्वतःचं, लहानपणापासूनचं. मावशीनं विचारलं, "हाक काय मारता?" गड्याचे कान लाल. मावशी हाताची घडी घालून बसली. शेवटी त्यानं अस्वलाच्या कानाकडे बघत सांगितलं, "पिल्लू." बायको ताडकन म्हणाली, "म्हणजे? मला म्हणतोस ते?" परतीच्या वाटेवर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मावशी मात्र पुढं कित्येक दिवस मला विचारायची, "काय गं मंदा, मोटं पिल्लू बरं हाय का?"

ही मावशी. आता जे घडलं ते सांगते.

त्या वर्षी आषाढात वृषाली माझ्या दुकानात आली. आमच्याच शेजारच्या सोसायटीत राहणारी. तिची मुलगी ओवी तापाचं निमित्त होऊन गेली होती. ओवीला पहिलीत घातलं होतं तेव्हा दप्तर माझ्याकडूनच घेतलं होतं, आणि त्याआधी तिचं अस्वलही. तेच अस्वल वृषालीनं टेबलावर ठेवलं. एकदा ते कपाटामागे पडलं तेव्हा उंदरांनी त्याचं पोट पोखरलं होतं. वृषाली त्याला कुशीत घेतल्याशिवाय झोपू शकत नव्हती आणि आता ते हातात धरवत नव्हतं. मी तिला मावशीकडे घेऊन गेले आणि ओवीचं सगळं मावशीच्या कानावर घातलं.

"हाक काय मारता?"

"गुंड्या."

मावशीनं अस्वल मांडीवर घेतलं. "आन निजताना ती काय म्हनायची?"

हा प्रश्न तिनं दुसऱ्या कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. वृषाली अस्वलाकडे बघत म्हणाली, "पंख्याशी बोलायची. रोज. पंख्या, हळू फिर, गुंड्याला थंडी वाजते. मग मी उठून पंखा एकवर करायचे." आणि मग ती म्हणाली, "मावशी, तिचं आता एवढंच राहिलंय. कपडे मी देऊन टाकले, तेव्हा कळलं नाही. हे घालवू नका."

"पोट समदं बदलाया लागल. कुजलंय," मावशी म्हणाली. "पन विरजण ठेवते. त्याला काय हुयाचं न्हाई. माजा शब्द हाय."

त्याच आठवड्यात लवळ्याहून एक आजी नातवाचं अस्वल माझ्या दुकानात ठेवून गेल्या. नातू नील, चार वर्षांचा. त्याची आई स्नेहा तिथल्या एका कॉलेजात नोकरीला. अस्वलाचं नाव टपू. तेही माझ्याच दुकानातलं, गुंड्याच्याच जातीचं, फक्त रंगानं फिकट. मी ते मावशीला नेऊन दिलं. नील किंवा त्याच्या घरचं कुणीही मावशीकडे कधी गेलेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगून ठेवते. वृषालीचंही त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं.

दोन्ही अस्वलं झोकात दुरुस्त होऊन ज्यांच्या त्यांच्या घरी गेली. थोड्या दिवसांनी वृषाली दुकानात आली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"मंदाताई, गुंड्या गप्प झालाय."

मी समजूत घातली. नवा कापूस आहे, थोडा बसू दे, असं काहीबाही बोलले. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. "दिसतो तसाच. पण हा कुणीतरी दुसराच आहे. मी याला घेऊन झोपते तेव्हा खोलीत मी एकटीच असते." मला वाटलं, दुःख माणसाला काय काय बोलायला लावतं.

त्यानंतर लगेचच स्नेहा नीलला घेऊन रंगखडू घ्यायला आली. पोराच्या काखेत अस्वल. मी सहज म्हटलं, "काय रे, टपू बरा झाला का?"

"हा टपू नाही," नील म्हणाला.

स्नेहा हसायला लागली. "अहो, नाव बदललंय त्यानं. तुमच्याकडून आल्यापासून टपू म्हटलं की चिडतो. गुंड्या म्हणायचं म्हणे. आणि नवीन खूळ सांगू? झोपताना पंख्याला सांगतो, हळू फिर, गुंड्याला थंडी वाजते."

माझा हात खडूंच्या खोक्यातच राहिला.

मी शटर ओढलं आणि तडक मावशीकडे गेले. ती चुलीपाशी कान शिवत होती. मी सांगत गेले तशी तिची सुई थांबली. तिचा हात आपोआप कमरेकडे गेला, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"त्या दिवशी वढ्याला पानी आलं हुतं," ती म्हणाली. "साडी वर खोचली. भिजू ने म्हनून दोन्ही पुरचुंड्या एका कनवटीला घेतल्या. घरी येऊन परत दोन्हीकडं वायल्या केल्या." तिनं अस्वल खाली ठेवलं. "उलट्या केल्या."

मी म्हटलं, "मावशी, कुणाला काही कळायचं नाही. मी काहीतरी निमित्त काढून दोन्ही अस्वलं आणते. तू गुपचूप बदल."

"चोरून पोट फाडू? मी शब्द दिला हुता त्या बाईला. दोगींना सांग. चूक माजी हाय म्हनून सांग."

मी सांगितलं. तिथं खरी भीती सुरू झाली. स्नेहानं आधी हसण्यावारी नेलं. वृषाली हसली नाही. तिनं नीलचा पत्ता माझ्याकडूनच घेतला, एकदा बघून येते म्हणाली. मग ती रोज संध्याकाळी लवळ्याला जायला लागली. खाऊ न्यायची, नीलच्या शेजारी बसायची. शेवटी स्नेहाचा मला फोन आला.

"त्या रोज येतात हो. आल्या की पंखा लावायला सांगतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. तो ते बोलला की रडतात. नाही बोलला की पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांना नको म्हणायला जीभ रेटत नाही माझी. पण आज नील त्यांना आई म्हणाला. मी समोर उभी होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना मावशीकडे घेऊन गेले. पाऊस उघडला होता. मावशीनं नीलला पाटावर बसवलं, दोन्ही अस्वलं पुढ्यात घेतली. वृषाली दाराशी बसली आणि स्नेहा नीलला चिकटून. वर टांगलेली अस्वलं दारातून येणाऱ्या वाऱ्यानं आपल्या धाग्यावर गरागरा फिरत होती. नील मान वर करून त्यांच्याकडे बघत होता.

"पंख्या, हळू फिर," तो म्हणाला.

अस्वलं फिरता फिरता मंदावली आणि थांबली. सगळी एकदम. वारा पडला असेल. तेव्हापासून मी स्वतःला हेच सांगत आले आहे.

वृषालीच्या तोंडून एक आवाज निघाला. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं मावशीचा हात धरला. "राहू द्या ना मावशी. त्याच्यातच राहू द्या. माझ्याकडे ती गप्प असते. इथं बोलते. मी लांबूनच ऐकेन. रोज येणार नाही, शप्पथ."

स्नेहानं पोराला ओढून कवटाळलं. मला दोघींकडेही बघवेना.

मावशीनं हात सोडवून घेतला नाही. "बाय, विरजण उसनं देत्यात," ती म्हणाली. "लेकरू उसनं मिळत न्हाई. ह्यो पोरगा त्याच्या आईचा हाय. उद्या ह्याला सोताचं नाव आठवंना, मग काय करशीला?"

मावशीनं कात्री घेतली आणि नीलसमोर त्याचं अस्वल धरलं. "ह्याला हाक काय मारतोस?"

"गुंड्या."

मावशीनं कात्री खाली ठेवली. पुन्हा विचारलं. पोरगं तेच म्हणालं. स्नेहा म्हणाली, "अरे, टपू ना?" तर त्यानं जोरात मान हलवली. मी मावशीला म्हटलं, "काप ना गं, लहान पोराचं काय ऐकतेस?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकले. खोटं नाव घेऊन ती पोट फाडणार नव्हती. चूल धुमसत होती. आम्ही सगळे बसून राहिलो आणि मावशी फक्त वृषालीकडे बघत होती.

शेवटी वृषालीनं पदरानं तोंड पुसलं. ती नीलजवळ गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग हात मागे घेतला.

"नाही रे राजा," ती म्हणाली. "हा टपू. गुंड्या माझा आहे. गुंड्या माझ्या घरी असतो."

नील तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं अस्वलाकडे बघितलं, जरा वेळ, कुणी ओळखीचं वाटावं तसं. "टपू," तो म्हणाला आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागला.

मावशीनं गुंड्याच्या डोळ्यांवर चिंधी बांधली आणि टपूचा टाका उसवला.

वृषाली आता ठीक आहे. झोप लागते म्हणाली. "बोलत नाही, पण आहे," एवढंच सांगितलं, आणि मीही जास्त खोदलं नाही. नील गुंड्या हे नावही विसरला. स्नेहा माझ्या दुकानात यायची बंद झाली, त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

मावशीनं मात्र त्यानंतर काम कमी केलं आणि मग बंदच केलं. मी पिशवी घेऊन गेले की म्हणायची, "आता नगं. हात कापत्यात." हात कापत नव्हते, मी बघत होते ना. ती वाळत चालली होती. दिवाळीनंतर मी फराळ घेऊन गेले तेव्हा बांबू रिकामा होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती, एक हात कमरेला. कनवटीला काहीतरी खोचलेलं दिसत होतं.

"मावशी, हे कुणाचं? अस्वल तर एकही नाही."

ती ओशाळवाणं हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. "विरजण काडलं तरी भांड्याला थोडं ऱ्हातंच गं. ओवीच्या आईला तिचं समदं दिलं. ह्ये नखाएवडं माज्याकडं ऱ्हायलं. कुणाचं कमी पडलं न्हाई." मग म्हणाली, "घरात लई वर्सं कुनी लहान नव्हतं, मंदा."

मला रडू आलं. भीतीही वाटली, ते कशाला लपवू? मी तिचा निरोप घेऊन निघाले. ओढ्यापाशी चप्पल काढायला वाकले आणि सहज मागे बघितलं. मावशी दारात उभी होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आत, वर, रिकाम्या बांबूकडे बघत होती. वारा माझ्याच बाजूला होता, म्हणून शब्द स्पष्ट ऐकू आले.

"हळू फिर रं बाबा," मावशी सांगत होती. "लेकराला थंडी वाजतीया."

आणि उजव्या हातानं ती कनवटीला थोपटत होती.